तीन भाषांतले गुरुजी: फादर थॉमस स्टीफन्स

पावसाळ्यात मांडव्याच्या धक्क्यावरच्या लाँच बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मोठी सोय झाली आहे. पण समुद्र फारच खवळला की तिचाही भरवसा नसतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या सिस्टर मुंबईहून येऊ शकल्या नाहीत आणि वर्ग आमच्या गळ्यात पडला.

मुले अकरा होती. चौघे अलिबागला इंग्रजी माध्यमात शिकणारी. पाच जण गावच्या मराठी शाळेतली, घरी किनाऱ्यावरची बोली बोलणारी. उरलेल्या दोघी बहिणी झारखंडातून बंगल्यांवर कामाला आलेल्या कुटुंबातल्या. घरी सादरी, बाहेर हिंदी. दाराशी एका मुलाची आजी नेहमीप्रमाणे बसलेली. आजींना लिहितावाचता येत नाही, पण मिस्सेतली सगळी गीते तोंडपाठ. त्या दिवशी दयाळू शोमरोन्याचा दाखला होता. आम्ही तो वाचून दाखवला आणि प्रश्न विचारला. कोणी बोलेना. पुन्हा वाचला, जरा सावकाश. तरी शांतता. तिसऱ्या वेळी आवाज चढवून वाचला. तेव्हा आजी दारातूनच म्हणाल्या, की ओरडून बहिऱ्याला सांगतात, ही पोरे काही बहिरी नाहीत. मुले हसली, आम्हीही हसलो. पण घरी जाताना त्यांचे बोलणे डोक्यातून जाईना.

त्याच आठवड्यात आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयी पुन्हा वाचायला घेतले. वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना ते ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून ठाऊक आहेत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या तर ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसांनाही माहीत असतात. पण ते कवी होते त्याआधीपासून, आणि कवी झाल्यावरही, खेड्यापाड्यांत शिकवणारे गुरुजी होते. ही बाजू मागे पडते. म्हणून आज त्या गुरुजींची गोष्ट.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी. तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांसाठी कठीण होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात मिस्सा उघडपणे करता येत नव्हती. धर्मगुरूंना लपून राहावे लागे. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत श्रद्धावंत गृहस्थाशी स्टीफन्स यांची मैत्री जमली. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले. पाउंड पकडले गेले आणि त्यांची पुढची अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले.

तिथे शिकत असताना त्यांनी हिंदुस्थानात पाठवण्याची विनंती केली. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. साडेसहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर! आपल्याला मांडवा ते मुंबई तासाभराचा प्रवासही नकोसा होतो. वाटेत खलाशांच्या हिरड्या सुजत, माणसे आजारी पडत, वारा पडला की जहाज जागच्या जागी उभे राही. या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी मोठ्या उत्सुकतेने वाचले. हिंदुस्थानात येऊन राहिलेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचेच नाव घेतात.

गोव्याहून निघालेली पोर्तुगीज गलबते पुढे याच किनाऱ्याने चौल आणि वसईकडे येत. मांडव्याहून अलिबाग ओलांडून रेवदंड्याला गेलो की समुद्राकाठी जुन्या कोटाच्या भिंती दिसतात, त्या त्याच राजवटीच्या. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज शब्दांची आणि मराठी वळणाची बोली अजून घराघरांत ऐकू येते. फादर स्टीफन्स ज्या जगात उतरले त्याचा एक कोपरा आपल्या शेजारीच आहे, एवढे लक्षात घेऊन गोव्याकडे वळू.

१५८० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक दक्षिण गोव्यातील सासष्टी भागात झाली. पुढची सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांचे बहुतेक आयुष्य तिथेच गेले.

हा भाग कसा होता, हे सांगताना आम्हाला संकोच वाटतो. पण ते सांगितल्याशिवाय त्यांच्या शिकवण्याचे मोल कळणार नाही. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतील देवळे पाडली होती. लोकांच्या मनात भीती होती आणि रागही होता. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार सोबती मारले गेले. फादर अक्वाविवा त्याआधी अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले. त्या पाच जणांचे मृतदेह परत आणण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. आपण या पाच जणांना धन्य हुतात्मे म्हणून मान देतो. पण त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावले आणि त्यांना ठार केले, हेही तितकेच खरे आहे. अशा ठिकाणी तिशी ओलांडलेला एक परदेशी धर्मगुरू गावोगाव फिरून शिकवणार होता. जे शिकायला येत त्यांतले काही मनापासून येत, काही नाइलाजाने.

पहिले काम त्यांनी केले ते स्वतः शिकण्याचे. सासष्टीत घरादारांत बोलली जायची ती कोकणी. पोथीपुराणाची, कीर्तनाची भाषा मात्र मराठी. फादर स्टीफन्स या दोन्ही भाषा शिकले. गोव्यात येऊन चारच वर्षे झाली होती तेव्हा, १५८३ साली, त्यांनी पॅरिसमधील आपल्या भावाला पत्र लिहिले. इकडच्या भाषा कानाला गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे त्यात त्यांनी कळवले. पुढे दोनशे वर्षांनी, १७८६ साली, सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हेच मत मांडले तेव्हा जगभर गाजावाजा झाला. फादरांनी मात्र ते घरगुती पत्रात सहज लिहून टाकले होते. ते भाषेकडे व्याकरण शिकणाऱ्याच्या नजरेने पाहत होते, हे यातून दिसते. पुढे ती नजर उपयोगी पडली.

मुलांना शिकवायची एक पद्धत गोव्यात आधीपासून चालत आलेली होती. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले तेव्हा ते हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून फिरत, मुले गोळा करीत आणि धर्मतत्त्वे गाऊन शिकवीत. मुले ती घरी, शेतावर, होडीवर गुणगुणत. त्यामुळे न येणाऱ्या मोठ्यांच्याही कानावर ती पडत. फादर स्टीफन्स यांनी ही वाट सोडली नाही. पण ती पुरेशी नव्हती. पाठ झाले म्हणजे समजले असे होत नाही. आपल्याकडे परमप्रसादाच्या तयारीला बसलेली मुले प्रेषितांचा विश्वासांगीकार एका दमात म्हणून दाखवतात. एखादा शब्द मध्येच थांबवून विचारला की गाडी रुळावरून घसरते. तसे त्या काळीही होत असणार.

म्हणून मुलांसाठी त्यांनी प्रश्नोत्तरांचे पुस्तक तयार केले. मूळ पुस्तक मार्कोस जॉर्ज या पोर्तुगीज येशूसंघीयाचे, पोर्तुगालमधल्या मुलांसाठी लिहिलेले. फादर स्टीफन्स यांनी ते कोकणीत आणले. मराठी ही तिथली प्रतिष्ठित भाषा होती. विद्वानाने मराठीत लिहावे अशीच अपेक्षा. तरीही मुलांचे पुस्तक त्यांनी कोकणीत केले, कारण मूल आईशी कोकणीत बोलत होते. पुस्तकात गुरू आणि शिष्य यांचा संवाद आहे. वाक्ये लहान. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. वर्गात दोन रांगा समोरासमोर बसवून असे पुस्तक म्हणता येते, आणि भूमिका बदलून पुन्हाही म्हणता येते. लहान मुलांना एका जागी बसून ऐकण्यापेक्षा बोलायला मिळाले की ती अधिक शिकतात, हे कोणत्याही बालवाडीच्या बाईंना ठाऊक असते.

आता मोठ्यांची गोष्ट. आमच्या मते फादरांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोलाचा प्रसंग, आणि तो त्यांनी स्वतःच ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीला सांगून ठेवला आहे. एका रविवारी संध्याकाळी सासष्टीतल्या एका चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्मप्रश्नोत्तरे शिकवत होते. तिथे एक ब्राह्मण आला. त्याने ते शिकवणे ऐकून घेतले आणि चांगले आहे असे म्हटले. मग त्याने आपली अडचण मांडली. ख्रिस्ती झालेल्या लोकांना आता जुनी पुराणे वाचायची मनाई झाली आहे. पण फावल्या वेळी वाचावे, ऐकावे, मन रमवावे असे त्यांच्या जागी काहीच दिलेले नाही. तसे एखादे पुराण आमच्यासाठी का करत नाही, असे त्याने विचारले.

या मागणीमागे किती दुःख होते, याचा विचार करावा. दिवसभर राबून आलेली माणसे रात्री देवळात किंवा अंगणात पोथी ऐकत बसत होती. त्यात त्यांचे शिक्षण होते, करमणूक होती, हसणे आणि रडणे होते. ते सगळे एका फटक्यात बंद झाले आणि त्यांच्या हाती आली ती मुलांची प्रश्नोत्तरे. पन्नाशीच्या माणसाने नातवाच्या शेजारी बसून तीच घोकायची! त्यात त्याचा अपमान होता. अक्षर न वाचणारा मोठा माणूस हा अडाणी नसतो. त्याच्या डोक्यात रामायण-महाभारत असते, म्हणी असतात, गावचा इतिहास असतो. त्याला शिकवायचे तर त्याच्याजवळ आधीच जे आहे तिथून सुरुवात करावी लागते. एका श्रोत्याने उठून एवढे ऐकवले, आणि शिकवणाऱ्याने ते मनावर घेतले.

मनावर घेतले म्हणजे किती, हे आकड्यांवरून कळते. ख्रिस्तपुराणात दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, ३६ अध्यायांत. दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र, ५९ अध्यायांत. फादर अध्यायाला अवस्वरू म्हणतात. एकूण ओव्या जवळजवळ अकरा हजार. १६१६ साली राशोल येथे हा ग्रंथ छापून निघाला तेव्हा फादरांचे वय सदुसष्टच्या आसपास होते.

त्यांनी ओवी हा छंद निवडला, यात त्यांची शिक्षक म्हणून असलेली जाण दिसते. ओवी ही जात्यावरची, आणि ओवी ही ज्ञानदेव-एकनाथांचीही. एकनाथ महाराज तर फादर गोव्यात असतानाच, १५९९ साली वारले. पोथीतल्या ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा चरण आखूड असतो. एक चरण ऐकला की पुढचा आपोआप ओठांवर येतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ही चालच पुस्तकाचे काम करते. गोव्यातील येशूसंघीयांच्या हाती लोकांकडून आलेल्या मराठी पोथ्या होत्या. रोमन लिपीत उतरवलेल्या तशा काही पोथ्या आजही पोर्तुगालमध्ये ब्रागा शहरात जपून ठेवल्या आहेत. ज्या पोथ्या लोकांपासून काढून घेतल्या, त्याच पोथ्यांकडून पाद्री ओवी शिकले, असे म्हणावे लागते. यातला विरोध आम्हाला बोचतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

भाषेबद्दलही त्यांनी असाच हिशेब केला. वाचकांसाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ते सांगतात, की ग्रंथ मराठीत आहे, पण शुद्ध मराठी सामान्य माणसांना कळत नाही. म्हणून अवघड शब्द सोडून दिले आणि जागोजागी तिथल्या बोलीचे शब्द मिसळून कविता सोपी केली. सुंदर मराठी लिहिण्याची ताकद असलेल्या माणसाने ती जाणूनबुजून आवरली. मराठीवर त्यांचे प्रेम किती होते हे त्यांच्या त्या प्रसिद्ध ओव्यांतून दिसतेच. तरी ऐकणाऱ्याला कळावे म्हणून त्यांनी तिला घरचे कपडे घातले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, कारण तो शब्द ऐकताच समोरच्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभे राहत होते. त्याच वेळी काही धार्मिक संज्ञा पोर्तुगीज आणि लॅटिन ठेवल्या, कारण त्यांना जुना शब्द लावला तर अर्थाचा घोटाळा झाला असता. कुठे ओळखीचा शब्द घ्यायचा आणि कुठे नवा शिकवायचा, हा निर्णय प्रत्येक शिक्षकाला रोज करावा लागतो. आम्ही त्या रविवारी शोमरोनी हा शब्द तीनदा मोठ्याने म्हटला. शोमरोनी म्हणजे कोण, हे एकदाही सांगितले नाही.

पुराणाची मांडणीही वर्गासारखी आहे. पाद्री कथा सांगतात, मध्येच कोणी श्रोता शंका काढतो, पाद्री तिचे उत्तर देतात आणि कथा पुढे सरकते. ऐकणाऱ्याच्या मनात येईल तो प्रश्न आधीच ग्रंथात विचारून ठेवलेला असतो. ज्याला भर सभेत उठून विचारायची लाज वाटते त्याचेही त्यात भागते. रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सेनंतर हे पुराण चर्चमध्ये वाचले जाई आणि लोक ते आवडीने ऐकत, अशी नोंद फादरांच्या निधनानंतर लवकरच येशूसंघीयांनी केलेली आहे. पुढे गोव्यातून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जपल्या.

एका गोष्टीत मात्र फादरांना हार पत्करावी लागली. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी येशूसंघाच्या रोममधील प्रमुखांना पत्र लिहिले. त्यांची फार वर्षांची इच्छा होती, की इथली पुस्तके इथल्याच लिपीत छापावीत. मलबारात हे घडले होते. १५७८ साली कोल्लम येथे तमिळ लिपीत पुस्तक छापले गेले आणि त्याचा तिकडे मोठा लाभ झाला. पण आपल्याकडे अडचण अशी, की युरोपात चोवीस अक्षरांचे खिळे पाडले की काम होते. इथे बाराखडी आणि जोडाक्षरे धरून सहाशेच्या आसपास साचे करावे लागणार. शिवाय वरिष्ठांच्या आज्ञेशिवाय असा खर्च करता येत नव्हता. पुढे काही झाले नाही. ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. ज्याला मोडी किंवा बाळबोध वाचता येत होती अशा मराठी माणसाला स्वतःच्या भाषेतला हा ग्रंथ डोळ्यांनी वाचता येईना. ज्यांना अजिबात वाचता येत नव्हते त्यांचे काही बिघडले नाही, ते ऐकतच होते. शिकलेलेच अडले! मराठीसाठी देवनागरीचे खिळे वापरून छापलेले पुस्तक पुढे १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनमध्ये निघाले, म्हणजे या पत्रानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

तिसरा विद्यार्थी राहिला. तो म्हणजे शिकवणाराच. दरवर्षी लिस्बनहून नवे धर्मगुरू येत. त्यांना लॅटिन येई, पोर्तुगीज येई, कोकणीचा गंध नसे. दुभाष्याला मध्ये घालून पापनिवेदन ऐकायचे तरी कसे? या मंडळींसाठी फादर स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले, तेही पोर्तुगीज भाषेत. त्याची रचना त्यांनी लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर केली. आजचे भाषापंडित या पद्धतीला नावे ठेवतात. कोकणीला लॅटिनचा सदरा घातला असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण ज्यांच्यासाठी ते लिहिले ते सगळे लहानपणापासून लॅटिन विभक्त्या घोकत आलेले होते. त्यांना नवीन घर दाखवताना आधी ओळखीचे दार दाखवणे फादरांना सोयीचे वाटले असावे. गावच्या माणसासाठी ओवी आणि पाद्र्यासाठी विभक्तीचे तक्ते. ओव्या तक्ता घोकणाऱ्याला दिल्या असत्या तर तो गोंधळला असता, आणि तक्ता ओवी गाणाऱ्याला दिला असता तर तो उठून गेला असता.

अशा रीतीने मुलांना कोकणी, मोठ्यांना मराठी आणि शिक्षकांना पोर्तुगीज. आणि हे सर्व करणाऱ्याची स्वतःची मायबोली इंग्रजी, जी सासष्टीत बोलायला कोणी नव्हते. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे सोबती असे काही इंग्रज व्यापारी गोव्यात कैद झाले होते. त्यांना सोडवण्यासाठी फादरांनी धडपड केली. तेव्हा काही दिवस तरी त्यांच्या कानावर आपली भाषा पडली असेल.

१६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. इंग्लंडला ते परत कधीच गेले नाहीत. तिन्ही पुस्तकांपैकी फक्त पुराण त्यांच्या हयातीत छापून झाले. मुलांचे प्रश्नोत्तर १६२२ साली राशोलला निघाले. व्याकरण तर १६४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. मधल्या काळात फादर दिओगो रिबेरो यांनी त्यात भर घातली होती. हिंदी भाषांपैकी छापलेल्या पहिल्या व्याकरणांत त्याची गणना होते.

पुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हॉइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. फादरांनी चाळीस वर्षे जे केले त्याच्या नेमके उलट! जुन्या छापील प्रती हळूहळू नाहीशा झाल्या. १९०७ साली मंगळुरात जोसेफ सालदाना यांनी हस्तलिखिते जुळवून ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. पुढे १९२० च्या दशकात लंडनमधील मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित असल्याचे जस्टिन ॲबट यांनी लोकांच्या नजरेस आणले. त्यात पोर्तुगीज संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. या दोन पाठांपैकी मूळ कोणता, याविषयी अभ्यासकांत अजून वाद आहे. आम्हाला तरी असे वाटते, की कोणीतरी आणखी एका प्रकारच्या वाचकासाठी तो पुन्हा घडवला असावा. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली आणि फादरांची १६०८ सालची इच्छा एकदाची पुरी झाली. २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीतील अर्थासह तो ग्रंथ दिला, त्यामुळे आता आपल्यालाही तो वाचता येतो. ज्यांच्या घरी नसेल त्यांनी जरूर मिळवावा. अवघड वाटला तर मोठ्याने वाचावा. डोळ्यांना न कळलेले पुष्कळसे कानाला कळते.

आता आमच्या वर्गाचे काय झाले, ते सांगतो. पुढच्या रविवारी सिस्टर आल्या, पण त्यांनी आम्हालाच पुन्हा उभे केले. दाखला तोच घेतला. आधी आजींना सांगायला बसवले. त्यांनी तो आपल्या बोलीत सांगितला. यरुशलेम ते यरीहोच्या वाटेऐवजी रेवस ते मांडव्याचा रस्ता आला, आणि लुटारूंनी जखमी माणसाचा मोबाइलही नेला. मराठी शाळेतल्या मुलांना ते लगेच समजले. झारखंडच्या दोघी बहिणींना बोली कळेना, म्हणून मराठी शाळेतल्या एका मुलीने त्यांना हिंदीत सांगितले, आणि मग त्या दोघींनी शोमरोनी व जखमी माणूस होऊन करून दाखवले. वाट चुकवून जाणारा याजक व्हायला कोणी तयार होईना, तो आम्ही झालो. इंग्रजी शाळेतल्या चौघांना आम्ही प्रश्न लिहून आणायला सांगितले होते. एकाने विचारले, की शोमरोन्याने सरायवाल्याला दोन दिनार दिले, ते म्हणजे किती? आम्हाला पटकन सांगता आले नाही. सिस्टरांनी सांगितले, की मजुराची दोन दिवसांची मजुरी. तेव्हा बंगल्यावर काम करणाऱ्यांच्या त्या दोघी बहिणींनी आपल्या बाबांची मजुरी मनात धरून हिशेब केला आणि सर्वांआधी उत्तर दिले.

सगळे काही जमले असे नाही. दहा वर्षांचा एक मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. वर्ग सुटल्यावर त्याने वहीतले पान फाडून हातात दिले आणि पळाला. पानावर त्याने चित्र काढले होते. जखमी माणूस गाढवावर नव्हता. तो लाँचच्या बाकावर आडवा झोपला होता, डोक्याखाली कुणाची तरी पिशवी होती, आणि मागे मांडव्याचा धक्का दिसत होता.